उजव्या मांडीची चित्रं

सोमवार, १० नोव्हेंबर

चि. धाकटीस,

गुरुवार, सहा नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. ही वेळ मी मनानं सांगत नाही, रिपोर्टच्या कोपऱ्यात छापलेली आहे. त्या मिनिटाला एका डॉक्टरांनी भिंगरीच्या दोन्ही पायांतल्या आतल्या शिरा ‘व्यवस्थित व मोकळ्या’ असल्याचं लिहून खाली सही ठोकली. त्यांनी पोरीला डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही. सही मात्र सुरेख आहे.

साडेनऊ वर्षांनी पत्र लिहिते आहे ते गहिवर आला म्हणून नव्हे. तक्रार आहे, आणि ती कळेल असं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. दिवसभर लोकांच्या आतली चित्रं बघणं हा तुझा धंदा, म्हणून तुला.

भिंगरी म्हणजे थोरलीची मुलगी. तू पाहिलीस तेव्हा अकरा दिवसांची होती. आता नऊ पूर्ण आहेत. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी, आणि तेही उजवा पाय डाव्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटर लांब असताना. त्या पायाला ती ‘पाहुणा’ म्हणते. “आजी, पाहुणा रुसलाय,” म्हणाली की समजायचं, दुखतोय. दर रविवारी मी टेप लावते. मांडी एकोणपन्नास, पोटरी चौतीस, घोटा सव्वीस. डावा अडतीस, सत्तावीस, एकोणीस. रोज सकाळी ती उठून उभी राहायच्या आत रबरी हातमोजे घालून मी तो घट्ट पायमोजा तिच्या पायावर चढवते. वीस मिनिटं लागतात. थोरलीला जमत नाही, तिच्याकडून तो दुमडतो. बूट दोन जोड घ्यावे लागतात, एकातला उजवा आणि दुसऱ्यातला डावा. उरलेले कपाटात आहेत, नवे कोरे, एकाही पायाला न लागलेले.

कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा लाल डाग तुला आठवत असेल. त्याच्या बाहेरच्या अंगानं आता करंगळीएवढी जाड शीर वर आली आहे. शिरांचे सर्जन म्हणतात, ही शीर बाळ पोटात असतानाच विरून जायची असते, हिची राहिली. दोनदा फुटली. दुसऱ्यांदा शाळेत फुटली तेव्हा बाकाखाली रक्ताचं थारोळं झालं होतं आणि बाई किंचाळत होत्या. म्हणून ती काढून टाकायची. पण त्याआधी मांडीच्या आत खोलवर जी खरी शीर असते ती जागेवर आहे का, हे बघायलाच हवं. अशा काही मुलांत ती नावालाच असते, काहींत नसतेच. मग बाहेरची ही ओबडधोबड शीर हीच रक्ताची परतीची एकमेव वाट असते. ती काढली तर पाय फुगेल, काळानिळा पडेल, आणि पुढचं सर्जन बोलले नाहीत. मी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या एमआरआयमध्ये ती हलली होती, मांडी धूसर आली. म्हणून ही सोनोग्राफी, रक्ताचा प्रवाह दाखवणारी.

आणि आता रिपोर्ट सांगतो, सगळं व्यवस्थित. सोमवारी चोवीस तारखेला सकाळी सात वाजता तिला आत नेणार.

मी एकतीस वर्षं परीक्षा मंडळाच्या फेरतपासणी विभागात काढली. काम एकच होतं, प्रत्येक पान तपासलंय का, पुरवण्या जोडल्यात का, बेरीज जुळते का. न वाचलेल्या पानावर गुण टाकणारा परीक्षक मला दुरून ओळखू यायचा. तेव्हा चित्रांचे कागद हातात आल्यावर मी ते खिडकीशी धरून मोजले. डाव्या पायाची बावीस. उजव्याची नऊ. आणि ती नऊच्या नऊ गुडघ्याखालची. उजव्या मांडीचं एकही चित्र नाही.

मी दवाखान्यात गेले. खिडकीतली मुलगी म्हणाली, “आजी, कॉम्प्युटरमध्ये आहे ते फायनल असतं.”

“बाळ, कॉम्प्युटरमध्ये काय नाही, ते विचारते आहे मी.”

“तक्रारपेटी तिकडे आहे.”

तक्रारपेटीवर कुंडी ठेवलेली होती. झाकण उघडायचं तर आधी झाड उचलायचं.

सीडी सोबत आहे. बघ आणि कळव. मी तपासणीच्या पूर्ण वेळ खोलीतच होते, पोरीच्या उशाशी खुर्चीत. माझ्याकडून काही राहिलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आई

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

तुझा निरोप पोचला. ‘पाहिलं. मांडी नाहीच. सर्जनना लगेच सांग. आणि खोलीत काय झालं ते क्रमानं लिही.’ आई नाही, नमस्कार नाही. तारसुद्धा याहून लांब असायची. पण मुद्द्याचं लिहिलंस, म्हणून चालवून घेते.

सर्जन गावाला गेलेत, सोमवारी भेटतील. तेव्हा आधी दुसरं.

खोली लहान, खिडकी नसलेली, आणि थंड. पलंगावर पसरलेला कागद पोरगी हलली की करकरायचा. यंत्र चालवणारी उंच बाई होती, हात गरम, बोलणं चांगलं. म्हणाली, “आधी छोटा पाय बघूया, म्हणजे मग कळेल ना, मोठ्याला कसं असायला हवं.” डावा सगळा झाला, मांडीपासून घोट्यापर्यंत. मग उजवा. पायमोजा मीच उतरवला. पोटरीपासून सुरुवात केली, कारण तिथे कमी दुखतं. पोटरी होईपर्यंत भिंगरी गप्प होती. पडद्यावर निळं-लाल दिसत होतं, ती म्हणाली, “आजी, पाहुण्याच्या घरात दिवे आहेत.”

मग बाई मांडीकडे आल्या. त्या डागावर, त्या शिरेच्या बाजूला यंत्राचं टोक दाबावं लागतं. नुसतं टेकवून आतलं दिसत नाही म्हणे. पोरगी ओरडली. तसं ओरडणं मी शाळेतल्या त्या रक्ताच्या दिवशीसुद्धा ऐकलं नव्हतं. “फुटेल, आजी, फुटेल ती!” बाईंनी हात उचलला. तेवढ्यात त्यांना बाहेरून कुणीतरी बोलावलं, वॉर्डात तातडीचं काही होतं. “मी येते किंवा कुणाला तरी पाठवते,” म्हणून गेल्या.

दहा मिनिटांनी एक चष्मेवाला आला. पोरीच्या पायावर जेल होतं, दोन्ही पायांवर, वाळत चाललेलं. तो यंत्रापाशी बसला. त्यानं मला काहीतरी विचारलं. नक्की काय ते आता आठवत नाही. मग त्यानं बटणं दाबली, पुसायला कागद दिला, आणि आम्ही निघालो.

झालं. एवढंच.

घरी सगळं चोवीस तारखेच्या तयारीत आहे. जावई परगावी कामावर आहेत, तेवीसला येतील. थोरलीनं पोरीसाठी पुढून उघडणारे दोन झगे शिवले. भिंगरी मला म्हणाली, “ती शीर काढली की कुठे ठेवणार?” म्हटलं, फेकून देतात. “मग तिच्यातलं रक्त कुठल्या रस्त्यानं येणार?” म्हटलं, आत दुसरा मोठा रस्ता आहे. “तू बघितलास?”

मी तिला दूध आणायला पाठवलं.

आज चौदा तारीख. तुझ्या लक्षात असेल. माझ्या नाही, असं समज.

आई

सोमवार, १७ नोव्हेंबर

धाकटे,

सर्जनकडे जाऊन आले. थोरली बरोबर होती. मला एकटीला जायचं होतं, पण तिनं पर्स उचलली आणि पुढे चालू लागली.

मी त्यांना आकडे सांगितले, बावीस आणि नऊ. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. सही करणारे डॉक्टर पलीकडून काय म्हणाले ते त्यांनी आम्हाला सांगितलं. सगळी चित्रं साठवतातच असं नाही. चष्मेवाल्यानं ‘मांडी पूर्ण’ अशी नोंद केली आहे. दोन्ही पायांना तयार मजकूर वापरला, कारण वेगळं काही नोंदलेलंच नव्हतं. सर्जननी फोन ठेवला. ते काही उर्मट नाहीत, थकलेले आहेत. त्यांनी मला सरळ विचारलं, “आजी, तुम्ही आत होतात. मांडीवर यंत्र फिरवलं होतं ना?”

थोरली माझ्याकडे बघत होती. गेल्या नऊ वर्षांत तिनं कुणावरही विश्वास ठेवलेला नाही, नर्सवर नाही, शाळेवर नाही, नवऱ्यावरही बेताचाच. पण पोरीला माझ्या हाती देऊन ती कामावर जाते. पायमोज्याचे हातमोजे माझे आहेत. टेप माझी आहे. वही माझी आहे.

मी म्हणाले, “हो.”

सर्जन म्हणाले, “मग ठीक. चित्र साठवायचं राहिलं असेल.” थोरली म्हणाली, “आई, तू मला उगाच घाबरवलंस.” वाटेत तिनं माझा हात धरला.

आता लिहिते. माझ्या लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत कुणी चूक कबूल करायला गेलं की सिस्टर तीनच गोष्टी विचारायच्या, कधी, कुठे, कुणादेखत. का केलंस, हे त्या विचारत नसत. त्यात फक्त सबबी येतात असं त्यांचं मत होतं. तेव्हा त्याच रीतीनं.

गुरुवार, सहा नोव्हेंबर, सकाळी साधारण अकरा पंचवीस. सोनोग्राफीची खोली. भिंगरीदेखत. चष्मेवाल्यानं विचारलं, “मांडी झाली का?” आणि मी म्हणाले, “झाली. दोन्ही पाय झाले. आणखी किती छळणार आहात तिला?” मला सगळं लख्ख आठवतं. तो चपापला, मान खाली घालून टंकत बसला. माझ्या आवाजापुढे माणसं सहसा पुन्हा विचारत नाहीत. कचेरीत याचा मला अभिमान होता. भिंगरी रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली, कारण तिला माहीत होतं की झाली नव्हती. जिन्यात हळूच म्हणाली, “आजी, तू चालूगिरी केलीस.” आणि हसली. आमचं गुपित म्हणून हसली, धाकटे.

मला वाटलं, राहिलेली मांडी ते नंतर बघतीलच, कुणीतरी पुन्हा बोलावेल. कुणी बोलावलं नाही. रिपोर्ट आला. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या टेबलावर न वाचलेलं पान शोधलं, आणि हे पान मीच उलटलं.

तू म्हणशील, तक्रार का लिहिलीस मग? त्यांचंही चुकलंच आहे. दिसलं नाही ते ‘व्यवस्थित’ लिहायचं नसतं. ते मी मागे घेणार नाही. पण मला हवं होतं की त्यांची चूक तू शोधून काढावीस, त्यांच्यावर ओरडावंस, आणि माझं नाव न येता मांडी पुन्हा तपासली जावी. असा माझा हिशेब होता. आज दुपारी सर्जनच्या खुर्चीपुढे तो संपला.

आता दुसरं. हेही त्याच रीतीनं.

शनिवार, चौदा नोव्हेंबर, दहा वर्षांपूर्वी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तू शिकत होतीस त्या इस्पितळाचा मागचा बोळ, जिथे जुनी वजनयंत्रं ठेवलेली होती. कुणादेखत नाही. तुझ्या सुट्टीच्या वेळात, यंत्र रिकामं होतं म्हणून, थोरलीला पाचव्या महिन्यात तू गंमत म्हणून बाळ दाखवलंस. मग तिला कपडे करायला सांगून मला बाहेर घेऊन आलीस. तुझा चेहरा पांढराफटक होता. “आई, एक पाय जाड आहे गं. मला खात्री नाही, पण मोठ्या डॉक्टरांना दाखवायला हवं. ताईला सांगायला हवं.”

तिची आधीची दोन गेली होती. तिला झोप लागत नव्हती. मी तुला म्हणाले, “तुझं शिक्षण अजून अर्धं आहे. तोंड उघडलंस तर मला आई म्हणू नकोस.” आणि आत जाऊन तिला म्हणाले, “सगळं व्यवस्थित आहे.” तोच शब्द, धाकटे. त्या रिपोर्टमध्ये वाचला तेव्हा मी त्याला लगेच ओळखलं.

भिंगरी जन्मली तेव्हा थोरली तुझ्या अंगावर धावून आली. “तुला दिसलं नाही? एवढं शिकून तुला एवढा मोठा पाय दिसला नाही?” तू माझ्याकडे पाहिलंस. मी दुपटी घड्या घालत होते. तू म्हणालीस, “नाही दिसलं, ताई.” आणि पिशवी उचललीस. तुला मी हाकललं असं मी लोकांना सांगते. ते खरं नाही. तू माझं ओझं उचलून गेलीस आणि मी दार लावून घेतलं.

मला फार भीती वाटते. रोज सकाळी पायमोजा चढवताना मी त्या मांडीवर हात ठेवते आणि आत काही वाहतंय का ते बोटांना कळतं का बघते. कळत नाही.

उद्या सकाळी मी थोरलीला सांगणार आहे. हे तुला आधी लिहिलं, म्हणजे उद्या मला मागे फिरता येणार नाही.

आई

बुधवार, १९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

सांगितलं. मंगळवारी सकाळी सव्वासात, स्वयंपाकघर. थोरली डबा भरत होती. आधी सहा तारखेचं सांगितलं, मग दहा वर्षांपूर्वीचं. तिनं डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग आत जाऊन भिंगरीच्या उशाशी बसली आणि मला म्हणाली, “आई, हातमोजे दे.” तिनं पायमोजा स्वतः चढवला. पस्तीस मिनिटं लागली. दोनदा दुमडला, दोनदा काढला. मी दारात उभी होते. मदत करू का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मला ओळखणाऱ्यांपैकी कुणालाही हे सांग, विश्वास ठेवणार नाहीत.

साडेनऊला आम्ही सर्जनपुढे होतो. सगळं मीच बोलले, उभं राहून. त्यांनी कपाळ चोळलं. म्हणाले, “आजी, सोमवारी ती शीर मी बांधली असती. कळतंय ना तुम्हाला?” म्हटलं, कळतंय. त्यांनी चोवीस तारखेवर रेघ मारली. मांडी तपासल्याशिवाय ते हात लावणार नाहीत. सही करणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोर जे सुनावलं ते मला एरवी ऐकायला फार आवडलं असतं. रिपोर्ट मागे घेतला आहे.

शनिवारी बावीस तारखेला सकाळी दहा वाजता पुन्हा तपासणी. सर्जन स्वतः थांबणार आहेत. मी आत जायचं नाही, असं थोरलीनं बजावलं आहे. बरोबरच आहे तिचं.

पण अडलंय ते भिंगरीपाशी. ती जाणार नाही म्हणते. “कुणीतरी दाबेल आणि फुटेल, आणि आजीपण नाही.” काल दिवसभर समजावलं. शेवटी थोरलीनं तिला सगळं सांगितलं, मुलांना सांगावं तसं नव्हे, मोठ्यांना सांगावं तसं. भिंगरी पाय लांब करून ऐकत होती. गोष्ट तुझ्यापाशी आल्यावर तिनं थांबवलं.

“म्हणजे मी पोटात होते तेव्हा मावशीनं पाहुण्याला बघितलं होतं?”

“हो.”

“तुझ्याही आधी?”

“सगळ्यांच्या आधी.”

“मग तिलाच बोलवा ना! तिला तो आधीपासून माहीत आहे.”

थोरली उठून खिडकीशी गेली. पाठ करूनच म्हणाली, “आई, तुझ्याकडे तिचा पत्ता आहे ना?”

तेव्हा सर्जनना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, तू यावंस, यंत्र तू हातात घेतलंस तरी चालेल, दवाखान्याची परवानगी ते काढतील. मी तुला क्षमा माग म्हणत नाही, ती मी मागायची आहे आणि ती समोर मागेन, कागदावर सोपी पडते. आत शीर असेल की नसेल, मला माहीत नाही. नसली तर पोरीला जन्मभर तो जाड दोर सांभाळत, पायमोजा घालत, फुटायच्या धास्तीत जगावं लागेल. पण जे असेल ते तिला अशा माणसाकडून कळू दे, जे माझ्या आवाजाला घाबरून ‘व्यवस्थित’ म्हणणार नाही. तसं माणूस मी एकच पाहिलंय, आणि त्याला मी बोळात गप्प केलं होतं.

मी दाराशी उभी राहणार नाही. बाहेर बाकावर बसेन. तू आलीस तर माझ्याकडे न बघता आत जाऊ शकतेस.

फोन करू नकोस. फोनवर मी मध्येच बोलते, आणि मग तुझं राहून जातं. येतेस की नाही, हे मला लेखी हवं आहे, तुझ्या अक्षरात आणि सहीसह, शुक्रवार, एकवीस नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजण्याच्या आत.

आई